सेरामपूर ते जेबेल अली : अमिरातीतील बॅप्टिस्ट मंडळींची वाटचाल

दुबईच्या जेबेल अली भागात एकाच परिसरात निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळे उभी आहेत. जानेवारी 2012 मध्ये खुला झालेला गुरुनानक दरबार आणि ऑक्टोबर 2022 मध्ये खुले झालेले हिंदू मंदिर दुबईतील बहुतेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या शेजारी कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स, मार थोमा आणि इव्हँजेलिकल परंपरांच्या वास्तू आहेत. या पाट्यांवर ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द सहसा आढळत नाही. तरीही उपासनेच्या दिवशी याच छपरांखाली आंध्र-तेलंगणातील तेलुगू कुटुंबे, नागालँडमधील तरुण, फिलिपिनो परिचारिका, आफ्रिकी कामगार आणि अमेरिकी अभियंते असे बॅप्टिस्ट वळणाचे अनेक लोक एकत्र येतात. पाटीवर नाव नसलेल्या या परंपरेचा अमिरातीतील इतिहास काय, तिचा मराठीशी कोणता संबंध पोहोचतो, आणि तिच्या नोंदी टिकवणे इतरांपेक्षा अवघड का ठरते, याचा हा आढावा.

‘मंडळी’ म्हणजे कोण?

मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्चच्या इमारतीसाठी ‘मंदिर’ किंवा ‘देऊळ’ हे शब्द पूर्वीपासून वापरले गेले, तर तेथे जमणाऱ्या समुदायासाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला. घरची मंडळी, गावची मंडळी, वारकरी मंडळी या ओळखीच्या प्रयोगांतूनच तो आला आहे. बॅप्टिस्ट विचाराला हा शब्द चपखल बसतो, कारण या परंपरेत चर्च म्हणजे प्रथम माणसे आणि नंतर वास्तू.

या परंपरेचा आरंभ 1609 साली ॲम्स्टरडॅममध्ये आश्रय घेतलेल्या इंग्रज निर्वासितांपासून मानला जातो. जॉन स्मिथ त्यांचा नेता होता. त्याचा सहकारी थॉमस हेल्विस 1612 च्या सुमारास लंडनला परतला आणि तेथे इंग्लंडमधील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. जाणत्या वयात स्वतःच्या विश्वासाने घेतलेला तोच खरा बाप्तिस्मा, हे या मंडळींचे पहिले सूत्र. त्यामुळे त्यांच्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा दिला जात नाही, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून तो पाण्यात पूर्ण बुडवून देण्याची रीत स्थिरावली. दुसरे सूत्र स्थानिक स्वायत्ततेचे. प्रत्येक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते, आपला कारभार सभासदांच्या सभेत चालवते आणि वर कोणत्याही बिशपची सत्ता मानत नाही. राज्यसत्तेने कोणाच्याही श्रद्धेत हात घालू नये, हे तिसरे सूत्र. हेल्विसने 1612 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे स्वातंत्र्य केवळ आपल्या पंथासाठी मागितले नाही. ज्यू आणि मुसलमान यांनाही ते असले पाहिजे, असे त्याने स्पष्ट लिहिले. या मताची किंमत त्याने न्यूगेटच्या तुरुंगात चुकवली आणि तेथेच त्याचा अंत झाला.

आज बॅप्टिस्ट जागतिक महासंघाशी संलग्न संस्थांची सभासदसंख्या सुमारे 5 कोटी आहे. 1905 साली लंडनमध्ये स्थापन झालेला हा महासंघ मंडळींना आज्ञा देत नाही. तो परस्परसंपर्काचे व्यासपीठ आहे.

सेरामपूर आणि मराठी मुद्रण

मराठी वाचकाला बॅप्टिस्ट हे नाव अपरिचित वाटले, तरी मराठी मुद्रणाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण याच पंथीयांनी लिहिले आहे. विल्यम कॅरी हा इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशरचा, जोडे शिवण्याचा व्यवसाय केलेला बॅप्टिस्ट पाळक. 1792 मध्ये केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून 1800 च्या जानेवारीत कॅरीने आपले बिऱ्हाड हुगळीकाठच्या सेरामपूर या डॅनिश वसाहतीत हलवले. तेथे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड आधीच येऊन पोहोचले होते. डॅनिश गव्हर्नरच्या परवानगीने आणि संरक्षणाखाली त्यांचा छापखाना सुरू झाला.

कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवीत असे. 1805 मध्ये त्याचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापले गेले. त्याच वर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर निघाले. 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. 1811 मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत आला. या कामी कॅरीला कॉलेजातील मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांचे मोठे साहाय्य होते. पुढे त्यांच्याच लेखणीतून उतरलेली मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 मध्ये सेरामपूरला छापली गेली. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, बंगालमधील एका डॅनिश वसाहतीत, इंग्रज बॅप्टिस्टांच्या यंत्रावर मराठी भाषेने मुद्रणाचे हे आरंभीचे धडे गिरवले.

ग्रंथ आले तरी महाराष्ट्रात बॅप्टिस्ट मंडळी मात्र मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या नाहीत. मराठी प्रदेशात 1813 पासून अमेरिकन मराठी मिशन, नंतर स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि मेथडिस्ट यांनी काम केले. भारतातील बॅप्टिस्टांची मोठी क्षेत्रे निराळी आहेत. तेलुगू प्रदेशात ओंगोल मिशनच्या जॉन क्लाउ यांच्या काळात, जुलै 1878 मध्ये, एकाच दिवशी 2,222 जणांनी बाप्तिस्मा घेतल्याची नोंद जगभरच्या बॅप्टिस्ट इतिहासात प्रसिद्ध आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नागालँडची जवळजवळ 88 टक्के लोकसंख्या ख्रिस्ती असून तिच्यात बॅप्टिस्टांचे मोठे बहुमत आहे. उत्तर भारतातील ब्रिटिश मिशनच्या परंपरेतील अनेक बॅप्टिस्ट मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. त्या एकीकरणात बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. महाराष्ट्रातून आखातात येणारे अनेक प्रोटेस्टंट याच संयुक्त चर्चचे सभासद असल्याने, ते जाणो वा न जाणो, बॅप्टिस्ट वारशाचा एक धागा त्यांच्याही हाती आलेला असतो.

आखातातील जुने आणि नवे आरंभ

आजच्या अमिरातीच्या भूमीवर ख्रिस्ती उपासना तेलाच्या युगात आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुराव्यांचे चित्र निराळे आहे. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर 1992 मध्ये पूर्वेकडील चर्चच्या परंपरेतील एका मठाचे अवशेष सापडले. ते सातव्या-आठव्या शतकातील मानले जातात. नोव्हेंबर 2022 मध्ये उम्म अल कुवेनच्या सिनिया बेटावर तशाच दुसऱ्या मठाचा शोध जाहीर झाला. कालांतराने हे मठ ओस पडले आणि आखाताच्या या किनाऱ्यावरील संघटित ख्रिस्ती जीवन शतकानुशतके खंडित राहिले.

आधुनिक काळातील आरंभ रुग्णालयांतून झाला. 1889 मध्ये जेम्स कँटीन आणि सॅम्युएल झ्वेमर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत अरेबियन मिशनची स्थापना झाली. त्यांनी बसरा, बहारीन, मस्कत आणि कुवेत येथे दवाखाने उघडले. मस्कतमध्ये दीर्घकाळ सेवा केलेल्या डॉ. सारा हॉसमन यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी शारजात स्त्रिया व बालकांसाठी दवाखाना चालवला. बॅप्टिस्टांनी अरब जगात हाच मार्ग धरला. जॉर्डनमधील अजलून, गाझा आणि येमेनमधील जिब्ला येथील बॅप्टिस्ट रुग्णालये त्याची उदाहरणे होत. जिब्लाच्या रुग्णालयात 30 डिसेंबर 2002 रोजी झालेल्या गोळीबारात तीन अमेरिकी कर्मचारी मारले गेले. या प्रदेशात सेवेची वाट किती जोखमीची ठरू शकते, याची आठवण ती घटना आजही देते.

अमिरातीत मात्र या वाटेला राज्यकर्त्यांचा आश्रय लाभला. अल ऐन परिसरात बालमृत्यू आणि प्रसूतीतील मृत्यू यांचे प्रमाण भयावह होते. अबू धाबीचे तत्कालीन शासक शेख शखबूत आणि अल ऐनचा कारभार पाहणारे त्यांचे बंधू शेख झायेद यांच्या निमंत्रणावरून पॅट आणि मॅरियन केनेडी हे अमेरिकी डॉक्टर दांपत्य नोव्हेंबर 1960 मध्ये तेथे आले. शेख झायेद यांनी दिलेल्या मातीच्या विटांच्या अतिथिगृहात ओॲसिस रुग्णालय सुरू झाले. हे काम एका आंतरपंथीय इव्हँजेलिकल मिशनचे होते. अमिरातीचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांचा जन्म 1961 मध्ये याच रुग्णालयात झाला. 1962 मध्ये आलेल्या कॅनेडियन परिचारिका गर्ट्रूड डाइक यांनी तेथे 38 वर्षे सेवा केली. स्थानिक लोक त्यांना ‘डॉक्टोरा लतीफा’ म्हणत. अरबी उच्चारात केनेडीचे ‘कनद’ झाले आणि 2019 मध्ये रुग्णालयालाच कनद हे नाव देण्यात आले. या रुग्णालयाचे आवार पुढे अल ऐनमधील प्रोटेस्टंट रहिवाशांच्या उपासनेचेही केंद्र बनले.

जमिनीचे दान आणि सामाईक छप्पर

1962 मध्ये अबू धाबीची तेलनिर्यात सुरू झाली आणि परदेशी मनुष्यबळाचा ओघ वाढला. दिवाणखान्यांत आणि कंपन्यांच्या वसाहतींत भरणाऱ्या प्रार्थनासभा अपुऱ्या पडू लागल्या. शासकांनी जमिनी देण्यास आरंभ केला. अबू धाबीतील सेंट जोसेफ हे कॅथलिक चर्च 1965 मध्ये, अँग्लिकनांचे सेंट अँड्र्यूज 1968 मध्ये आणि दुबईतील सेंट मेरीज हे कॅथलिक चर्च शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर 1967 मध्ये उभे राहिले. त्याच सुमारास दुबईत अँग्लिकनांच्या होली ट्रिनिटी चर्चची पायाभरणी झाली. 2 डिसेंबर 1971 रोजी अमिराती संघराज्य अस्तित्वात येण्यापूर्वीच ही परंपरा रुजली होती. अबू धाबीच्या मुश्रिफ भागात आज अनेक चर्च शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांच्या निकट असलेल्या मशिदीला जून 2017 मध्ये ‘येशूची आई मरियम’ हिचे नाव देण्यात आले.

बॅप्टिस्ट मंडळींपुढे येथे एक पेच उभा राहिला. कॅथलिक किंवा अँग्लिकन चर्चला बिशप असतो. शासनाला पत्र कोणी लिहावे, जमीन कोणाच्या नावे व्हावी, याचे उत्तर त्यांच्याकडे तयार असते. स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळी म्हणजे कधी चाळीस, कधी दोनशे माणसे, आणि तीही निरनिराळ्या देशांची. प्रत्येकीला जमीन मिळणे शक्य नव्हते. यावर व्यवहारातून निघालेली तोड म्हणजे सामाईक छप्पर. होली ट्रिनिटीच्या आवारात निरनिराळ्या भाषांच्या आणि पंथांच्या शंभराहून अधिक मंडळी तासांच्या हिशेबाने उपासना करतात. सकाळी एका सभागृहात तमिळ, त्यानंतर तेथेच तागालोग, दुपारी उर्दू, संध्याकाळी अम्हारिक. जेबेल अलीचे इव्हँजेलिकल केंद्र आणि अबू धाबीचे इव्हँजेलिकल कम्युनिटी चर्चही अशाच प्रकारे अनेक मंडळींना जागा देतात.

बॅप्टिस्ट विचाराशी जवळीक असलेली इंग्रजी भाषक चर्चेस ‘युनायटेड’ किंवा ‘इव्हँजेलिकल’ या व्यापक नावांनी ओळखली जातात. जेबेल अलीतील युनायटेड ख्रिश्चन चर्च ऑफ दुबई आणि 2010 मध्ये सुरू झालेले रिडीमर चर्च ऑफ दुबई ही त्यांतील परिचित नावे. जाणत्या वयातील बाप्तिस्मा आणि नोंदणीकृत सभासदत्व ही बॅप्टिस्ट वैशिष्ट्ये त्यांच्यात दिसतात.

जमीन शासकाची, परवाना अन्य पंथाचा, वेळ वाटून घेतलेली. अशा स्थितीत स्वायत्ततेचे तत्त्व कसे टिकते? गणेशोत्सवासाठी शाळेचे सभागृह भाड्याने घेणाऱ्या परदेशस्थ मराठी मंडळांना या प्रश्नाचा अनुभव आहे. जागा दुसऱ्याची असली तरी पूजा कशी करायची, पैसा कसा खर्चायचा, कार्यकारिणीवर कोण असावे, हे मंडळच ठरवते. बॅप्टिस्ट मंडळीही तेच करतात. सेरामपूरच्या मंडळीलाही डॅनिश राजाच्या छायेतच वाढावे लागले होते, आणि 1827 मध्ये सेरामपूर कॉलेजला सनद देणाराही डेन्मार्कचा राजाच होता. राज्यसत्तेपासून अलिप्ततेचा आग्रह धरणारी ही परंपरा अनेकदा एखाद्या उदार शासकाच्या आश्रयानेच तगली आहे.

वार बदलला, कायदा आला

अमिरातीतील ख्रिस्ती जीवनाचे एक वैशिष्ट्य म्हणजे शुक्रवारची उपासना. दशकानुदशके शुक्रवार हाच साप्ताहिक सुटीचा मुख्य दिवस होता. त्यामुळे रविवारची उपासना शुक्रवारी आणि मुलांची ‘रविवारची शाळा’ही शुक्रवारी भरत असे. 2006 मध्ये शासकीय सुटी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार अशी झाली. 1 जानेवारी 2022 पासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा राहिला. अनेक मंडळींनी मुख्य उपासना रविवारी नेली. ज्यांच्या सभासदांना शुक्रवारीच सुटी मिळते, त्या मंडळींनी जुना वार राखला. जागा सामाईक असल्याने या एका बदलाने शेकडो मंडळींची वेळापत्रके नव्याने आखावी लागली. त्यापूर्वी मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे सर्व प्रार्थनास्थळे बंद झाली होती. जुलैपासून ती मर्यादित उपस्थितीने उघडू लागली.

मुस्लिमेतर प्रार्थनास्थळांचे नियमन प्रथम अमिरातींच्या पातळीवर होत असे. 2023 च्या 9 क्रमांकाच्या संघराज्य कायद्याने ते देशभर एका चौकटीत आणले. परवान्याविना प्रार्थनास्थळ चालवता येत नाही आणि धार्मिक विधी परवानाप्राप्त जागेतच करावे लागतात. मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करण्यास पूर्वीपासून मनाई आहे. जगात इतरत्र बॅप्टिस्ट मंडळी नदीकाठी किंवा समुद्रात बाप्तिस्मा देतात. येथे समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तो विधी आवाराच्या भिंतींआड, कुंडात किंवा हौदात होतो.

एकंदर चित्र मात्र विस्ताराचे आहे. 2005 च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण 9 टक्के नोंदले गेले होते, आणि देशात आज चाळीसहून अधिक चर्चेस आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत अबू धाबीजवळच्या अबू मुरैखा येथे बीएपीएस मंदिर खुले झाले आणि एप्रिलमध्ये त्याच परिसरात चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले.

इतिहास कोणाच्या सामानात?

या मंडळींपुढील सर्वांत गंभीर प्रश्न जागेचा नाही, स्मृतीचा आहे. अमिरातीतील वास्तव्य बहुधा नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असते. पाच-सात वर्षांत मंडळीतील निम्मे चेहरे बदलतात. ज्यांनी ती स्थापन केली, ते निवृत्त होऊन कोट्टायम, ओंगोल, दिमापूर किंवा मनिला गाठतात. कॅथलिक चर्चच्या नोंदी अपोस्टोलिक व्हिकॅरिएटच्या कक्षेत राहतात, अँग्लिकन चर्चना 1976 मध्ये स्थापन झालेल्या सायप्रस व आखात धर्मप्रांताचा आधार आहे. बॅप्टिस्ट मंडळीला वर कोणीच नाही. सभासदांची वही, बाप्तिस्म्यांची नोंद, सभांचे इतिवृत्त, पाळकाच्या निवडीचा ठराव, हे सारे चिटणिसाच्या घरातील कपाटात असते, आणि चिटणिसाची बदली झाली की त्याच्याच सामानात बांधले जाते. जे तत्त्व या मंडळीला स्वातंत्र्य देते, तेच तिला विस्मृतीच्या धोक्यात टाकते.

हे नुकसान भावनिकच असते असे नाही. बाप्तिस्म्याचा दाखला विवाहाच्या वेळी मायदेशातील चर्च मागते. सभासदत्वाचे पत्र दुसऱ्या शहरातील मंडळीत प्रवेश देते. एखाद्या कुटुंबाची आखातातील तीन दशके कोठे गेली, याचा लेखी पुरावा कित्येकदा त्या एका वहीतच असतो.

सेरामपूरच्या छापखान्याला 11 मार्च 1812 रोजी आग लागली. हस्तलिखिते, कागद आणि अनेक लिप्यांचे टंक जळाले. कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूतून नवे टंक ओतवून घेतले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू केली. मात्र जळालेल्या हस्तलिखितांपैकी काही कायमची गेली. पुढील काळात उरलेल्या कागदपत्रांचे जतन झाले. आज ती सेरामपूरच्या कॅरी ग्रंथालयात आणि ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात पाहता येतात. वैजनाथ पंडितांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, ते कोणीतरी लिहून ठेवले आणि कोणीतरी जपले म्हणून.

अमिरातीतील छोट्या मंडळींना हेच काम आता, संस्थापक पिढी हयात असताना, करता येईल. नोंदवह्यांच्या प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवणे, जुन्या छायाचित्रांमागे नावे व वर्षे लिहिणे, पहिल्या सभासदांच्या आठवणी त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित करणे आणि मंडळी विसर्जित होत असल्यास तिची कागदपत्रे एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा धर्मशिक्षण संस्थेकडे सोपवणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. आखातातील मराठी मंडळांची इतिवृत्तेही याहून फारशा सुरक्षित स्थितीत नाहीत. शेजारच्या मंडळीचा हा प्रश्न वाचताना आपल्या मंडळाचे पहिले इतिवृत्त सध्या कोणत्या देशात, कोणाच्या कपाटात आहे, याची चौकशी करण्यास हरकत नाही.